आधी वेल, मग वाइन: एप्रिलमधला सोनोमा-नापाचा एक दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोत आहात आणि हाताशी एकच मोकळा दिवस आहे. सोबत पत्नी आणि आईवडील. वडील अजिबात घेत नाहीत, आई एखादा घोट चाखून बघेल म्हणते. शहराच्या उत्तरेची वाइनची दोन खोरी, नापा आणि सोनोमा, यांपैकी कोणतं करावं, एका दिवसात किती वायनरी होतात आणि वेलींवर द्राक्षंच नसताना तिथे जाऊन बघायचं तरी काय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. मी निफाडकडच्या द्राक्षबागेत वाढलो. पुढे कॅलिफोर्नियात आधी बागेत आणि मग वाइनच्या तळघरात बरीच वर्षं काम केलं, आता पाहुण्यांना या भागात फिरवतो. मला वर्षातला एकच दिवस निवडायला सांगितला तर मी तो एप्रिलमधला निवडेन. ऑगस्ट ते ऑक्टोबर काढणी असते. तेव्हा बागा देखण्या दिसतात, पण काम करणाऱ्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते आणि पाहुण्यांची गर्दी इतकी की तुमच्या हातात पेला ठेवून तिथली माणसं पुढच्या टेबलाकडे वळतात. एप्रिलमध्ये तीच माणसं तुमच्यापाशी थांबतात, बोलतात.

शिवाय आपल्याकडच्या माणसाला तिथली एप्रिलमधली बाग बघताना वेगळंच काहीतरी कळतं. आपल्या हवेत वेल कधी पुरती झोपतच नाही, म्हणून आपण तिला दोनदा छाटतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. तिकडे थंडीत पानं गळतात आणि वेल खरोखर झोपी जाते. छाटणी एकदाच, ऐन हिवाळ्यात. मग फेब्रुवारीअखेरीस माती ऊबदार व्हायला लागली की मुळं जागी होतात आणि छाटलेल्या काडीच्या टोकातून थेंब थेंब पाणी ठिबकतं. मार्चमध्ये डोळे फुटतात. तुम्ही जाल तेव्हा शार्डोने या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाच्या फुटी साधारण वीतभर झालेल्या असतील आणि लाल वाइनची कॅबर्ने सोव्हिन्यों, जी उशिरा जागी होते, ती नुकती कुठे पानं उलगडत असेल. फुटीच्या तिसऱ्या-चौथ्या पानाशी वाकून बघा. मोहरीच्या दाण्याहूनही बारीक अशा हिरव्या कळ्यांचा इवलासा घोस दिसेल. हाच सप्टेंबरचा घड. फुलोरा मे महिन्यात येतो, म्हणजे हे मणी अजून फुललेलेसुद्धा नसतात. वर्षभराची वाइन तुमच्या नखाएवढी असताना बघायला मिळते ती याच दिवसांत.

यासाठी माझा पाहुण्यांकडे एकच आग्रह असतो: पहिला पेला हातात घेण्याआधी अर्धा तास बागेत चालायचं. बुकिंग करतानाच विचारा, ‘आम्हाला आधी बाग दाखवाल का?’ पुष्कळ ठिकाणी बागेतून फिरवून आणणारी वेगळी भेट असते, ती घ्या. नसेल तर टेस्टिंग रूमच्या शेजारच्या ओळींत, मालकांना विचारून, दोन-चार पावलं टाकता येतात. पाय ठेवताना मात्र ओळीच्या मधूनच चाला. कोवळी फूट धक्क्याने बुंध्यापासून सहज निखळते आणि ती गेली की तिच्यावरचे घडही गेले.

मोहरीचं एक सांगतो, कारण इंटरनेटवरचे पिवळेधमक फोटो बघून लोक एप्रिलमध्ये येतात आणि हिरमुसतात. ओळींमधली मोहरी जानेवारी ते मार्च फुलते. एप्रिलपर्यंत ती बहुतेक ठिकाणी कापून मातीत मिसळलेली असते. तिच्या जागी बाकला, क्लोव्हर अशी आच्छादन पिकं आणि उतारांवर केशरी कॅलिफोर्निया पॉपी दिसतील. हिवाळी पावसाने डोंगर अजून हिरवेगार असतात. जूनपर्यंत ते वाळून सोनेरी होतात, म्हणून हा हिरवा रंग बघायचे दिवस तसे थोडेच.

आता नापा की सोनोमा. तुमच्यासोबत आईवडील आहेत आणि दिवस एक आहे, म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे: कार्नेरोसचा दक्षिणेकडचा पट्टा आणि सोनोमा व्हॅली करा, नापा खोरं या वेळी सोडा. दोन्ही एकाच दिवसात करू नका. नकाशावर दोन्ही खोरी शेजारी दिसतात, पण मध्ये मायाकामास डोंगररांग आहे आणि तिच्यावरून जाणारे रस्ते अरुंद, वळणांचे आहेत. वडिलांना घाटात त्रास होत असेल तर अर्धा दिवस तिथेच संपेल.

नापा मी कमी लेखत नाही. ते खोरं जेमतेम ५० किलोमीटर लांब आहे, कॅलिफोर्नियाच्या एकूण वाइनपैकी साधारण ४ टक्केच तिथे होते, आणि तरी जगाने दखल घेतली ती तिथली. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी भरवलेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी लेबलं झाकून वाइन चाखल्या आणि दोन्ही गटांत नापाची वाइन पहिली आली. पांढऱ्यांत शातो माँटेलेनाची १९७३ ची शार्डोने, लाल वाइनमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची कॅबर्ने. मला नापाबद्दल त्याहून जास्त आदर वाटतो तो १९६८ सालच्या एका निर्णयासाठी. त्या वर्षी तिथल्या काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, खोऱ्याच्या तळातली जमीन शेतीसाठी राखून ठेवली. अमेरिकेतला तसा हा पहिलाच कायदा. आजही हायवे २९ वरून जाताना दोन्ही बाजूंना इमारतींऐवजी बागा दिसतात त्या त्यामुळे. आमच्याकडे बागा मोडून प्लॉट पाडलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे त्या रस्त्यावरून जाताना दर वेळी हे मनात येतं.

पण नापात १९९० च्या नियमानंतर उभ्या राहिलेल्या वायनरींना आधी वेळ ठरवल्याशिवाय पाहुणे घेता येत नाहीत. टेस्टिंगला माणशी ५० ते १०० डॉलर सहज लागतात, नामांकित ठिकाणी त्याहून जास्त. जेवणाचा डबा उघडून बसायला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते. चौघांच्या कुटुंबाला, त्यातला एक न घेणारा, हा दिवस ताणाचा होतो. सोनोमात दर साधारणपणे कमी, वातावरण मोकळं आणि बागेत बसून खायची सोय बऱ्याच वायनरींत असते. कॅबर्नेचेच चाहते असाल तर पुढच्या खेपेला दोन दिवस काढून नापा करा आणि जाताना हायवे २९ ऐवजी त्याला समांतर सिल्व्हराडो ट्रेलने जा. गर्दी कमी, दृश्य सुंदर.

किती वायनरी? जास्तीत जास्त तीन. त्यातही तिसरी ऐच्छिक, खालच्या आखणीत मी दोनच धरल्या आहेत. मी हे इतकं ठाम का सांगतो ते हिशेबाने दाखवतो. एका टेस्टिंगमध्ये साधारण पाच वाइन, प्रत्येकी ४५ मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे एका ठिकाणी २२५ मिलिलिटर. तीन ठिकाणी मिळून ६७५. बाटली ७५० ची असते. घोट घोट घेताना जाणवत नाही, पण दुपारी तीनपर्यंत तुम्ही जवळजवळ एक अख्खी बाटली संपवलेली असते, तीही १३-१४ टक्के अल्कोहोलची, प्रवासात, उन्हात. पहिल्या काही वर्षांत एका कुटुंबाच्या आग्रहाखातर मी एका दिवसात पाच वायनरी केल्या. चौथ्या ठिकाणी त्या दिवसातली सर्वांत चांगली वाइन होती. कोणालाही ती कळली नाही, आणि परतीच्या वाटेवर दोघांना गाडी थांबवून उतरावं लागलं. तेव्हापासून मी तीनच्या वर जात नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही आपल्या लोकांना जड जातात. पहिला, थुंकणं. प्रत्येक टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, नसेल तर कागदी कप मागा. चारचौघांत थुंकणं आपल्याला असभ्य वाटतं, आईसमोर तर फारच. पण तिथे वाइन बनवणारा माणूस स्वतः दिवसभर हेच करतो. थुंकणारा पाहुणा दिसला की टेबलामागच्या माणसाला कळतं की हा चाखायला आलाय. पेल्यात उरलेली वाइनही त्याच भांड्यात ओतायची, त्यात अपमान नाही. दुसरा उपाय, दोघांत मिळून एकच टेस्टिंग घेणं. बऱ्याच ठिकाणी चालतं, बुकिंगच्या वेळी विचारून ठेवा. तुम्ही दोघांनी एक घ्या आणि आईला त्यातलाच एखादा घोट द्या.

गाडी चालवण्याबद्दल तडजोड करू नका. तिथे रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा ०.०८ टक्के आहे, पण मर्यादेच्या आत असलात तरी नशेत गाडी चालवल्याचा गुन्हा लागू शकतो. वडील घेत नाहीत म्हणून स्टिअरिंग त्यांच्या हातात देऊ नका. परका देश, उजवीकडून चालणारी वाहतूक आणि अनोळखी रस्ता, त्यांच्या जिवाला घोर. दिवसभरासाठी चालक घ्या. सॅन फ्रान्सिस्कोहून अख्खी गाडीच चालकासह मिळते, किंवा तुमची भाड्याची गाडी चालवायला नुसता चालक तासांवर मिळतो. दुसरा पर्याय स्वस्त पडतो. उघडलेली बाटली प्रवाशांच्या जागेत ठेवणं गुन्हा आहे, बूच लावलेली असली तरी. ती मागे डिकीत. आणि कोणत्याही टेस्टिंगला २१ वर्षं पूर्ण हवीत, पासपोर्ट जवळ ठेवा.

आता दिवस कसा लावायचा. मंगळवार ते गुरुवारपैकी एक निवडा, पण त्यातल्या एखाद्या वारी काही वायनरी बंद असतात, ते तपासा. दोन-तीन आठवडे आधी वेळ ठरवा. सकाळी आठला निघा. गोल्डन गेट पुलावरून उत्तरेला, १०१ ने, मग ३७ आणि १२१. सव्वा तासात कार्नेरोसमध्ये पोचाल. पुलाचा टोल फक्त शहरात परत येताना लागतो आणि तो कॅमेऱ्याने नंबर टिपून आकारला जातो, तेव्हा भाड्याच्या गाडीचं टोलचं काय ते आधीच विचारून घ्या.

कार्नेरोस हा सॅन पाब्लो उपसागराला लागून असलेला, सोनोमा आणि नापा दोन्हींत पसरलेला पट्टा. पाण्यावरून येणारं धुकं आणि दुपारचा वारा यामुळे इथे थंड असतं, म्हणून पिनो न्वार आणि शार्डोने चांगली येते, आणि त्याच दोन द्राक्षांपासून फेसाळ वाइन होते. स्पेनच्या फेरर कुटुंबाने उभी केलेली ग्लोरिया फेरर वायनरी इथेच आहे आणि फ्रान्सच्या टेटाँजे घराण्याने उभी केलेली डोमेन कार्नेरोसही. सकाळी दहाची पहिली भेट इथे ठेवा. फेसाळ वाइन हलकी, आंबटसर, थंड असते, जीभ तिने जागी होते. लाल वाइनपासून सुरुवात केली तर नंतर कोवळ्या चवी लागतच नाहीत. सकाळी थंडी असते, धुकं असतं, पायाखालचं गवत ओलं असतं. चौघांनाही जाकीट आणि बंद बूट हवेत. अत्तर किंवा परफ्यूम त्या दिवशी नको, तुमच्याच नाही तर शेजारच्या टेबलाच्याही नाकाला काही कळेनासं होतं.

बारा-साडेबाराला सोनोमा गावाच्या चौकात या. हा थांबा वडिलांसाठी. मधोमध झाडांची बाग, बाकं, आणि कडेला १८२३ साली स्थापन झालेलं मिशन, कॅलिफोर्नियातल्या २१ मिशनांपैकी शेवटचं आणि सर्वांत उत्तरेकडचं. याच चौकात जून १८४६ मध्ये अमेरिकी वसाहतकऱ्यांनी अस्वलाचं चित्र असलेला झेंडा उभारला. कॅलिफोर्नियाच्या आजच्या झेंड्यावरचं अस्वल ते. मिशन तासाभरात निवांत बघून होतं. शाकाहारी जेवण चौकात मिळतं, पण मी तर म्हणतो आईने धपाटे, दशम्या असं काही केलं असेल तर तेच न्या. वाइन चाखणाऱ्या दिवशी पोटात पिठाचं, तुपाचं काहीतरी असावं. मिरचीचा ठेचा मात्र संध्याकाळसाठी ठेवा. तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते आणि नाजूक चव मरते. पाणी दर तासाला प्या.

दुपारी दोनची भेट गावाजवळच. दोन जुनी नावं सांगतो. ब्वेना व्हिस्टा, १८५७ साली हंगेरीहून आलेल्या आगोस्टन हाराझ्थी यांनी सुरू केलेली. आणि गुंडलाख बुंडशू, १८५८ पासून त्याच कुटुंबाकडे असलेली. यापैकी एक पुरे. मला विचाराल तर दुसरी, कारण घराणं अजून स्वतः शेती करतं आणि परिसर मोकळा आहे.

लाल वाइन आईला चाखायला द्याल तेव्हा तिला ‘टॅनिन’ वगैरे सांगू नका. आपल्याकडे शब्द आहे: तुरट. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते, सुपारी चघळल्यावर गालांच्या आतून जे कोरडं होतं, तेच हे. ते द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि थोडं लाकडी पिंपातून येतं. इंग्रजी शब्दांची यादी पाठ करून आलेल्या पाहुण्यांपेक्षा ‘हे आवळ्यासारखं आधी आंबट आणि मग तुरट लागतंय’ म्हणणाऱ्या बाईंची जीभ मला कायम जास्त नेमकी वाटली आहे.

तळघरात जायला मिळालं तर एप्रिलमध्ये तिथे दोन कामं चालू असतात. एक, बाटल्या भरणं: आदल्या काढणीच्या पांढऱ्या आणि रोझे, म्हणजे गुलाबी, वाइन आता बाटलीत जातात, म्हणून या दिवसांत रोझे अगदी ताजी मिळते. ती चाखाच. दुसरं, पिंपांकडे लक्ष देणं. ओकचं एक पिंप २२५ लिटरचं, साधारण ३०० बाटल्यांचं. लाकडातून वाइन हळूहळू उडत असते, म्हणून ते सतत काठोकाठ भरत राहावं लागतं, नाहीतर हवा लागून वाइन बिघडते. हिवाळाभर थंडीत मंदावलेलं आणखी एक काम वसंतात हवा तापली की पुरं होतं. हिरव्या सफरचंदात जी धारदार आंबट चव असते, ती जिवाणूंच्या करणीने दह्याच्या मऊ आंबटपणात बदलते. लोण्यासारखा वास येणारी शार्डोने तुम्ही प्यायली असेल तर तो वास यातूनच आलेला असतो. विनंती केलीत आणि माणूस मोकळा असला तर काचेच्या नळीने पिंपातली सहा-सात महिन्यांची लाल वाइन काढून देईल. ती कच्ची, ओबडधोबड लागते. पण आधी बागेत कळी, मग पिंपातली ही अर्धवट वाइन आणि मग बाटलीतली तयार, असं एकाच दिवसात चाखलं की लेबल वाचण्यापलीकडचं काहीतरी हाती लागतं.

घरात शाकाहाराचा कटाक्ष असेल तर एक जरूर विचारा: वाइन निवळायला काय वापरलं? काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ किंवा जिलेटिन वापरतात. बेंटोनाइट नावाची माती वापरूनही निवळता येते आणि कित्येक जण काहीच न वापरता नुसती वेळ देतात. प्रश्न विचारला म्हणून कोणी नाराज होत नाही, सरळ उत्तर मिळतं.

आणि संभाषण सुरू करायला माझा नेहमीचा प्रश्न: ‘या आठवड्यात बागेत काय काम चाललंय?’ पाठ केलेलं भाषण तिथेच थांबतं. फेलफुटी (नको असलेल्या फुटी) काढताहेत, तारा उचलताहेत, गंधकाची पहिली फवारणी झाली, असं खरं काहीतरी ऐकायला मिळतं. तुम्ही नाशिकच्या द्राक्षांचा विषय काढलात तर खुंटाबद्दलही, म्हणजे ज्या मुळांवर वेलीचं कलम करतात त्याबद्दल, विचारा. आपण पाणीटंचाई आणि क्षार यासाठी डॉगरिज खुंटावर कलम करतो. कॅलिफोर्नियात कलम केलं ते मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीमुळे. १९८० च्या दशकात एएक्सआर-१ नावाचा त्यांचा लाडका खुंट त्या किडीपुढे टिकला नाही आणि नापा-सोनोमात हजारो एकर बागा उपटून नव्याने लावाव्या लागल्या. जुन्या माणसांना ते दिवस अजून आठवतात.

खरेदी पहिल्या ठिकाणी उत्साहात करू नका. प्रत्येक वाइनला एक ओळ लिहून ठेवा आणि परत निघताना वही न बघता जी आठवते ती घ्या. भारतात परतताना माणशी दोन लिटर विनाशुल्क नेता येतं, म्हणजे प्रत्येकी दोन बाटल्या. त्या विमानात चेक-इनच्या सामानात द्याव्या लागतात, कपड्यांत गुंडाळून मधोमध ठेवा. बाटल्या उन्हातल्या गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. बंद गाडीत एप्रिलमध्येही तापमान इतकं चढतं की बूच वर सरकतं, आणि ती वाइन मग शिजल्यासारखी लागते. शीतपेटी असेल तर उत्तम.

साडेतीन-चारला सोनोमा सोडा. उशीर झाला तर ३७ आणि १०१ वर अडकाल.

एवढं झाल्यावर एक गोष्ट आदल्या रात्रीची. एप्रिल हा दहिवराचा, म्हणजे रात्री दव गोठवणाऱ्या थंडीचा, काळ आहे. वारा पडलेल्या निरभ्र रात्री थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते आणि कोवळी फूट एक-दोन तासांत करपून काळी पडते. बागांत उंच खांबांवर मोठे पंखे दिसतील, ते वरची ऊबदार हवा खाली ओढायला. काही बागांत रात्रभर तुषार चालवतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि बर्फाच्या आतली फूट शून्याच्या खाली जात नाही, फक्त बर्फ वितळेपर्यंत पाणी थांबवायचं नाही. तेव्हा हवामानाच्या अंदाजात कार्नेरोसचं रात्रीचं तापमान २ अंशांच्या खाली दिसलं तर आठऐवजी साडेसहाला निघा. आईवडिलांना मागच्या सीटवर पांघरूण द्या. आठच्या सुमाराला, ऊन डोंगरावरून उतरताना, प्रत्येक कोवळं पान काचेत बसवल्यासारखं दिसतं आणि पंखे एकेक करून बंद होत जातात.